गुणिलेची चांदणी कोणी केली?

मुलांचा संगणक, गणिताच्या खुणा आणि आपण पालक

फळ्यावर ६ × ४ असे लिहिले की तिसरीचा सारा वर्ग एका सुरात म्हणतो, ‘सहा चोक चोवीस!’ ‘×’ म्हणजे गुणिले आणि ‘÷’ म्हणजे भागिले, हे आपल्या मुलांच्या अंगवळणी पडलेले असते. पुढे हेच मूल पाचवी-सहावीत संगणकापुढे बसते. तेथे गुणिलेची फुली की-बोर्डवर शोधूनही सापडत नाही. वर-खाली टिंब असलेली भागिलेची आडवी रेघही दिसत नाही. कोणीतरी सांगते, ‘गुणायचे असेल तर चांदणी दाब, भागायचे असेल तर तिरकी रेघ दे.’ असे का, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. ‘संगणकात असेच असते’ एवढ्यावर विषय मिटतो.

वाचकहो, वरवर पाहता ही बाब क्षुल्लक वाटेल. एक खूण गेली, दुसरी आली, त्यात काय मोठे? परंतु ज्या घरात संगणक पहिल्यांदाच येतो आहे, जेथे आई-वडिलांनी त्याला कधी हात लावलेला नाही, तेथे अशी छोटी ठेचही मुलाला मागे फिरवते. खूण अनोळखी आहे असे मूल म्हणत नाही. ‘मलाच येत नाही’ असे ते म्हणते. म्हणून या छोट्या खुणांची गोष्ट आज सविस्तर सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

घणसोलीच्या खोलीतला प्रश्न

नवी मुंबईतील घणसोली गाव आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला कारखान्यांचा पट्टा, ऐरोलीपासून महापेपर्यंत संगणकावर चालणारी मोठमोठी कार्यालये, आणि दुसऱ्या अंगाला मूळ आगरी-कोळ्यांचे हे गाव. गावातल्या दाटीवाटीच्या खोल्यांत बाहेरून आलेली कष्टकरी कुटुंबे भाड्याने राहतात. कोणी त्या कार्यालयांत पहाऱ्यावर असतो, कोणी साफसफाई करते, कोणी कॅन्टीनमध्ये, तर कोणी गाडीवर. आपण जेथे फरशी पुसतो तेथल्या खुर्चीवर आपली मुलगी बसावी, ही या घरांतली साधी आणि रास्त इच्छा आहे.

याच गावातील एका भगिनीने आम्हाला सांगितलेली हकीकत अशी. तिची सहावीतली मुलगी संगणकाच्या क्लासमधून आली आणि दप्तर टाकून म्हणाली, ‘मम्मी, मला नाही जमत कम्प्युटर. तिथलं गणित वेगळंच असतं.’ आईने वही उघडली. आत १२ * ५ असे लिहिले होते आणि पुढे उत्तर होते ६०. आई म्हणाली, ‘अगं, बारा पंचे साठ! हे तर तुला येतं की.’ मुलगी म्हणाली, ‘मग गुणिले का नाही लिहीत?’ आईकडे उत्तर नव्हते. पण ज्या मुलीला बाराचा पाढा तोंडपाठ आहे, तिला आपल्याला गणित येत नाही असे वाटावे, ही गोष्ट तिच्या मनाला लागली. आमच्याही लागली.

खरे तर या खुणा मुलांना अगदीच नव्या नसतात. अडचण उलटी आहे. त्यांना त्या दुसऱ्याच अर्थाने माहीत असतात. मोबाईलचा बॅलन्स पाहताना आपण ‘स्टार’ दाबतो. जाहिरातीत किमतीवर चांदणी असली की खाली बारीक अक्षरांत ‘अटी लागू’ असते. तिरकी रेघ आपण पावतीवर ५०/- लिहिताना काढतो, अर्जातल्या ‘श्री/श्रीमती’मध्ये पाहतो, तारखेत पाहतो. तेथे ती कोठेच भागाकाराची नसते. आणि गंमत अशी की त्याच मोबाईलमधला कॅल्क्युलेटर उघडला तर त्यावर × आणि ÷ ह्याच खुणा दिसतात. म्हणजे यंत्राला त्या खुणा दाखवता येत नाहीत असे नाही. मग प्रोग्रॅम लिहितानाच चांदणी का?

गोष्ट जुन्या यंत्राची

याचे उत्तर गणितात नाही. ते जुन्या यंत्रात आहे. अमेरिकेतील आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ साली फोरट्रान नावाची संगणकभाषा काढली. त्या काळी संगणकाला पडदा आणि आजच्यासारखा की-बोर्ड नव्हता. जाड कागदाच्या कार्डाला यंत्राने भोके पाडायची आणि ती कार्डे संगणकाला खाऊ घालायची, अशी रीत होती. भोके पाडणाऱ्या त्या यंत्रावर मोठी इंग्रजी अक्षरे, दहा अंक आणि मोजक्याच खुणा होत्या. ही यंत्रे मुळात कार्यालयीन हिशेबासाठी घडवलेली. त्यात चांदणी होती, कारण चेकवरच्या रकमेआधीची मोकळी जागा चांदण्यांनी भरून टाकण्याची पद्धत होती. गुणिलेची फुली नव्हती, भागिलेची खूणही नव्हती.

मग फुलीऐवजी एक्स हे अक्षर का घेतले नाही? कारण एक्स हे अक्षर नावांसाठी लागत होते. ए, एक्स, बी अशी तीन अक्षरे शेजारी आली तर तो गुणाकार की एखाद्या राशीचे नाव, हे यंत्राने कसे ओळखावे? म्हणून हाताशी असलेली चांदणी गुणाकाराला दिली, तिरकी रेघ भागाकाराला दिली आणि घातासाठी दोन चांदण्या जोडून वापरल्या. गरजेपोटी केलेली ती तडजोड होती. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा त्याचेही काम कार्डांवरच चाले.

त्याच काळात वेगळा मार्गही निघाला होता. केनेथ आयव्हर्सन यांनी आखलेल्या एपीएल या भाषेत × आणि ÷ दोन्ही खुणा होत्या, आणि चांदणी होती ती घातासाठी! पण ती लिहायला खास अक्षरे बसवलेले यंत्र लागे. असे यंत्र सगळ्यांकडे नव्हते. साध्या यंत्रावर चालणारी चांदणी टिकली आणि पसरली. कार्डे गेली, भोके पाडणारी यंत्रे भंगारात गेली, तरी चांदणी राहिली. आज एमएस-सीआयटीच्या वर्गात एक्सेलचे सूत्र शिकताना आपली मुले जी चांदणी दाबतात, ती तेथून चालत आलेली आहे.

फुलीही आभाळातून पडलेली नाही

चांदणी माणसांनी ठरवली, तशी शाळेतली फुलीही माणसांनीच ठरवली. इंग्लंडमधील विल्यम ऑट्रेड यांनी १६३१ साली छापलेल्या पुस्तकात गुणाकारासाठी फुली वापरली. जर्मन गणिती लायब्निट्झ यांना ती पसंत नव्हती. ती एक्स अक्षरासारखी दिसून घोटाळा होतो, अशी त्यांची तक्रार होती. ते गुणाकारासाठी टिंब वापरीत. भागिलेची ÷ ही खूण स्वित्झर्लंडच्या योहान राह्न यांच्या १६५९ सालच्या पुस्तकात छापली गेली. आणि ऐकून आश्चर्य वाटेल, त्याच पुस्तकात गुणाकारासाठी त्यांनी चांदणी वापरली होती! संगणक जन्माला येण्याच्या तीनशे वर्षे आधी.

आपल्या देशात तर वेगळीच पद्धत होती. पेशावरजवळ १८८१ साली जमिनीत सापडलेल्या बख्शाली हस्तलिखितात भूर्जपत्रांवर गणिते लिहिलेली आहेत. तेथे गुणाकारासाठी ‘गु’, भागाकारासाठी ‘भा’, बेरजेसाठी ‘यु’ अशी शब्दांची पहिली अक्षरे येतात. आणि ऋण संख्येपुढे जी खूण आहे ती आजच्या अधिकच्या खुणेसारखी दिसते! म्हणजे आपण जिला अधिक म्हणतो ती खूण तेथे उणेचे काम करी. बाराव्या शतकात भास्कराचार्य ऋण संख्या दाखवायला अंकाच्या डोक्यावर टिंब देत.

आपल्या पाढ्यांत तर खूणच नाही. ‘तीन दुणे सहा, तीन त्रिक नऊ, तीन चोक बारा’ म्हणताना गुणाकार कानाने शिकला जातो, डोळ्यांनी नव्हे. अक्षर न ओळखणारी आजीसुद्धा नातवाचा पाढा चुकला की टोकते. तेव्हा गणित म्हणजे खूण नव्हे, हे आपल्या घरात पूर्वीपासून ठाऊक आहे. खूण ही खुंटी आहे. अर्थ तिच्यावर टांगायचा असतो.

ज्या यादीत जागा नव्हती

१९६३ साली अमेरिकेत संगणकासाठी अक्षरांची एक ठरीव यादी झाली. तिला आस्की म्हणतात. वेगवेगळ्या यंत्रांना एकमेकांचे बोलणे कळावे म्हणून प्रत्येक खुणेला क्रमांक दिला गेला. सगळी मिळून १२८ घरे. त्यात चांदणीला घर मिळाले, तिरक्या रेघेला मिळाले. × आणि ÷ यांना मिळाले नाही. आणि वाचकहो, त्याच यादीत आपल्या ‘क’लाही घर नव्हते, ‘ज्ञ’लाही नव्हते. ज्यांनी यादी केली त्यांनी आपल्या कामाला लागणारी अक्षरे घेतली. जे तेथे नव्हते त्यांची अक्षरेही तेथे नव्हती.

पुढे हे बदलले. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक आले. त्याच वर्षी युनिकोड या जगभरच्या यादीची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरी आहे आणि × आणि ÷ सुद्धा आहेत. म्हणजे जागा नाही ही सबब आता उरलेली नाही. आता उरली आहे ती सवय.

मुलांसाठी कोणी काय निवडले

मुलांसाठी संगणकाची भाषा करणाऱ्यांनीही निरनिराळे निर्णय घेतले. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पेपर्ट, वॉली फॉयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी लोगो ही भाषा मुलांसाठी केली. तीत गुणाकारासाठी खुणेऐवजी शब्दच देता येई. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘गुणाकार ३ ४’ असे. मूल वाचते तेच यंत्र करते. १९६४ सालच्या बेसिक भाषेत मात्र चांदणी होती. आपल्याकडे केंद्र सरकारने १९८४ साली निवडक शाळांत ‘क्लास’ प्रकल्प सुरू करून बीबीसी मायक्रो संगणक दिले, तेव्हा मुलांसमोर ही बेसिक आली आणि तिच्याबरोबर चांदणीही आली.

आज बहुतेक मुले ज्या स्क्रॅचने सुरुवात करतात, ती अमेरिकेतील एमआयटी संस्थेत तयार होऊन २००७ साली सर्वांसाठी खुली झाली. तीत टाइप करावे लागत नाही. रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे. हिरव्या ठोकळ्यांत गणित आहे. त्यांवर अधिक आणि वजा शाळेसारखेच आहेत, पण गुणिलेच्या ठोकळ्यावर चांदणी आणि भागिलेच्या ठोकळ्यावर तिरकी रेघ आहे. येथे आमचा प्रश्न आहे. ठोकळा तर चित्र आहे. तो टाइप करायचा नाही. मग की-बोर्डची जुनी अडचण त्याच्या माथी का?

उलट उदाहरणही आहे. गूगलने २०१२ साली ब्लॉकली नावाचे असेच ठोकळ्यांचे साधन खुले केले. त्याच्या ठोकळ्यांवर × आणि ÷ आहेत. आणि त्याच ठोकळ्यांचे पायथन भाषेत रूपांतर करून पाहिले की फुलीच्या जागी आपोआप चांदणी येते. मुलाला दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. ‘अच्छा, हिला तिकडे असे लिहितात होय!’ एवढे त्याला कळले की झाले.

बरोबर, शेकडा आणि बाकी

गुणिले-भागिलेपेक्षा अवघड ठेच पुढे आहे. शाळेत ‘=’ म्हणजे बरोबर. डावीकडचे आणि उजवीकडचे सारखे. अनेक संगणकभाषांत मात्र याच खुणेचा अर्थ ‘उजवीकडचे डावीकडच्या डब्यात ठेव’ असा होतो. म्हणून तेथे ‘गुण = गुण + १’ असे लिहिलेले चालते. शाळेच्या दृष्टीने हे उघड चूक आहे. कोणतीही संख्या स्वतःपेक्षा एकने मोठी कशी असेल? हुशार मूल येथे थांबते, आणि थांबणे बरोबरच आहे. स्क्रॅचने या ठिकाणी चांगली निवड केली. डब्यात ठेवण्यासाठी शब्दांचा ठोकळा दिला आणि ‘=’ ही खूण फक्त तुलनेसाठी राखली.

तसेच ‘%’ चे. दुकानावर ‘१० % सूट’ म्हणजे शेकडा दहा. पायथनसारख्या भाषांत मात्र ७ % २ म्हणजे सातला दोनने भागून उरलेली बाकी, म्हणजे १. ब्लॉकलीत यासाठी ‘बाकी’ या अर्थाचे शब्द लिहिलेला ठोकळा आहे. तो कोणालाही कळतो.

पदावली सोडवताना आपली मुले ‘कंचेभागुबेव’ पाठ करतात. ते शब्दशः धरले तर १० − ४ + ३ मध्ये मूल आधी बेरीज करते आणि उत्तर ३ काढते. खरे उत्तर ९ आहे, कारण बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर आहेत व डावीकडून क्रमाने करायच्या आहेत. ठोकळ्यांच्या भाषेत हा घोटाळाच होत नाही. जे आधी करायचे तो ठोकळा दुसऱ्याच्या पोटात बसलेला दिसतो. कंस पाठ करावा लागत नाही, तो डोळ्यांना दिसतो. तेव्हा चांगली निवड म्हणजे लाड नव्हे. तिने समज पक्की होते.

आकड्यांवर वाद झाला, खुणांवर नाही

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्रभर किती चर्चा झाली हे वाचकांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण सांगितले होते. लिहिताना दशक आधी आणि बोलताना एकक आधी, यामुळे लहान मुले गोंधळतात. काहींना ते पटले, काहींना नाही. विधानसभेतही विषय गाजला. मत कोणतेही असो, मुलांच्या तोंडी कोणते शब्द द्यायचे यावर समाजाने बोलायचे असते, हे त्यातून दिसले.

मग संगणकाच्या खुणांबद्दल असे कोणी का बोलत नाही? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगची ओळख करून देण्याचे म्हटले आहे. म्हणजे हा विषय आता ऐपतवाल्यांच्या क्लासपुरता राहिलेला नाही. महापालिकेच्या शाळेतल्या मुलांच्याही वाट्याला तो येणार. अशा वेळी पहिल्या पायरीवर कोणती खूण ठेवायची, हा प्रश्न आपलाही आहे.

यावर एक आक्षेप येईल. पुढे चांदणीच वापरायची आहे, तर पहिल्यापासून चांदणीच का शिकवू नये? आक्षेप अगदीच खोटा नाही. चांदणी शिकावीच लागेल. तिच्याशिवाय नोकरीतला प्रोग्रॅम लिहिता येणार नाही. आमचे म्हणणे क्रमाबद्दल आहे. एका वेळी एकच अनोळखी गोष्ट मुलापुढे ठेवावी. संगणक नवा, इंग्रजी नवे, विचाराची पद्धत नवी, त्यात खूणही नवी, असे चार दगड एकदम डोक्यावर देऊ नयेत. ज्याच्या घरी विचारायला कोणी आहे त्याला ते पेलते. ज्याच्या घरी नाही तो गुपचूप मागे राहतो, आणि तो मागे का राहिला हे कोणालाच कळत नाही.

पालकांनी एवढे करावे

१. मूल संगणक शिकू लागले की त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर एक तक्ता करून द्यावा. डावीकडे शाळेची खूण, उजवीकडे संगणकाची. × ला *, ÷ ला /. घातासाठी एक्सेलमध्ये ^ ही खूण आहे, पायथनमध्ये दोन चांदण्या.

२. खूण वाचताना मराठीतच वाचायला सांगावे. १२ * ५ ला ‘बारा स्टार पाच’ म्हणू देऊ नये. ‘बारा गुणिले पाच’ म्हणावे. तोंडाला अर्थ कळला की डोळ्याला खूण कळते.

३. ७ / २ संगणकाला विचारून पाहावे. शाळेत उत्तर ‘भागाकार ३, बाकी १’ येते. स्क्रॅच ३.५ म्हणजे साडेतीन सांगते. दोन्ही बरोबर कसे, हे सात भाकऱ्या दोघांत वाटून दाखवावे.

४. क्लासमध्ये किंवा शाळेत ‘हे असे का?’ असे विचारायला मुलांना शिकवावे. शिक्षकांना उत्तर ठाऊक नसेल तर हा लेख नम्रपणे त्यांच्या हाती द्यावा.

५. आपल्या वस्तीत अभ्यासिका चालवणाऱ्या तरुणांनी हा तक्ता मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावा. खर्च एका कार्डबोर्डचा.

आणि ज्या तरुण मुला-मुलींनी संगणकाचे उच्च शिक्षण घेतले आहे, त्यांना आमचे खास सांगणे आहे. उद्या तुम्ही मराठीत मुलांसाठी अशी साधने कराल. तेव्हा ठोकळ्यावर काय लिहायचे हे तुमच्या हातात असेल. कार्डाला भोके पाडणाऱ्या यंत्रात काय बसत होते, हे त्या वेळी विचारू नका. तिसरीतल्या मुलाला काय वाचता येते, हे विचारा.

चांदणी कोण्या पंडिताने शहाणपणाची परीक्षा म्हणून ठेवलेली नाही. यंत्रावर जागा नव्हती म्हणून ती आली. एवढे जरी मुलाला सांगितले तरी त्याची भीती अर्धी होते. उरलेली अर्धी बाराच्या पाढ्याने जाईल, आणि तो तर त्याला येतोच.